चॅपल हिलचा 'सायलेंट सॅम' : विद्यापीठाच्या आवारातील स्मारकाबद्दल निर्णय कोणी आणि कसा घ्यावा?

पाइनबन

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील आवारात मकॉर्कल प्लेस नावाची जुन्या झाडांची मोठी हिरवळ आहे. तिथे १९१३ पासून एका कॉन्फेडरेट सैनिकाचा, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून लढलेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या सैनिकाचा, पुतळा उभा होता. हातात बंदूक, पण कमरेला काडतुसांची पेटी नाही. त्याला गोळी झाडता येणार नाही, म्हणून लोक त्याला 'सायलेंट सॅम' म्हणत. २० ऑगस्ट २०१८ च्या रात्री, नव्या सत्राचे वर्ग सुरू होण्याच्या तोंडावर, विद्यार्थी आणि नागरिकांच्या जमावाने त्याला दोर लावून खाली ओढले. पुढे १४ जानेवारी २०१९ रोजी कुलगुरू कॅरल फोल्ट यांनी राजीनामा जाहीर करतानाच उरलेला चौथराही हलवण्याचा आदेश दिला आणि त्या रात्रीतच तो उचलला गेला.

कॅरी, मॉरिसव्हिल, डरॅम या पट्ट्यात आता मराठी घरे पुष्कळ आहेत आणि आपली मुले याच विद्यापीठात शिकतात. तरीही हा विषय निघाला की 'तो गोऱ्या-काळ्यांचा जुना वाद आहे, आपण त्यात पडू नये' असे म्हणून तो बाजूला सारला जातो. मला ते पटत नाही. माझे मत आधीच सांगतो : तो पुतळा तिथे असणे अन्यायाचे होते आणि तो गेला हे योग्य झाले. परंतु दोन प्रश्नांवर मला येथील जाणकारांशी बोलायचे आहे. तो ज्या रीतीने गेला, त्या रीतीचे समर्थन करता येते का? आणि त्या मोकळ्या जागी काय असावे : काहीच नको, माहितीचा फलक, की एखादे नवे स्मारक?

दख्खनचा_वाटसरू

पुतळा कोणाचा होता हा प्रश्न मी क्षणभर बाजूला ठेवतो. रात्री जमाव जमतो, उंच फडक्यांनी पुतळा झाकून घेतो आणि दोर लावून तो पाडतो, हे एकदा मान्य केले की उद्या कोणीही कोणत्याही पुतळ्याला दोर लावील. पुण्यात जानेवारी २०१७ मध्ये संभाजी उद्यानातील राम गणेश गडकरी यांचा पुतळा रात्रीतून उखडून मुठा नदीत टाकला गेला. ज्या लेखनावर आक्षेप होता त्याची साधकबाधक चर्चा त्या घटनेने पुढे गेली नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी अधिक घट्ट झाल्या, एवढेच. विद्यापीठ ही तर वाद शब्दांनी आणि पुराव्यांनी सोडवण्याची जागा आहे. तिथेच हाताने निर्णय होऊ लागले, तर इतरांनी कोणाकडे पाहायचे?

अभिलेख

वाटसरू, आपला आक्षेप रास्त आहे. मात्र तो लागू पडण्यासाठी दुसरी वाट उघडी असायला हवी होती. ती कशी बंद झाली हे क्रमाने पाहू.

१७ जून २०१५ रोजी शेजारच्या साउथ कॅरोलायनातील चार्ल्स्टन येथे एका गोऱ्या वर्चस्ववाद्याने चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांची हत्या केली. त्यानंतर तेथील विधिमंडळाच्या आवारातून कॉन्फेडरेट ध्वज उतरवण्यात आला. नॉर्थ कॅरोलायनाने नेमका उलटा मार्ग धरला. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यपाल पॅट मॅक्रोरी यांच्या सहीने असा कायदा झाला की सार्वजनिक जागेतील स्मारक राज्याच्या इतिहास आयोगाच्या संमतीशिवाय कायमचे हलवता येणार नाही, आणि स्थलांतराला मुभा आहे तीही अगदी मोजक्या कारणांसाठी. ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिल येथे व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारातून मशालींचा मोर्चा निघाला आणि दुसऱ्या दिवशी एका तरुणीचा बळी गेला. तेव्हा नवे राज्यपाल रॉय कूपर यांनी धोका असेल तर पुतळा हलवावा अशी भूमिका घेतली. विद्यापीठाने उत्तर दिले की कायदा आपल्याला तसा अधिकार देत नाही.

म्हणजे विद्यार्थ्यांनी जायचे कुठे? त्यांनी निवेदने दिली, विश्वस्तांच्या सभांमध्ये बोलून पाहिले, पुतळ्यापाशी रात्रंदिवस बसून राहिले. एप्रिल २०१८ मध्ये इतिहास विभागातील एका कृष्णवर्णीय संशोधक विद्यार्थिनीने स्वतःचे रक्त मिसळलेली लाल शाई भरदिवसा, सर्वांसमक्ष त्या चौथऱ्यावर ओतली आणि अटक करून घेतली. या पुतळ्याचा सारा इतिहास मांडताना त्यात आमचे रक्तच वगळले गेले आहे, असे तिचे म्हणणे होते. १९६८ मध्ये मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येनंतर याच पुतळ्याला रंग फासला गेला होता. म्हणजे हा विरोध पन्नास वर्षांचा जुना आहे. तो त्या एका रात्रीत जन्मला नाही.

सैनिककन्या

माझे वडील सैन्यात होते, त्यामुळे युद्धस्मारकाविषयी मला मनापासून आदर आहे. कॉन्फेडरेट बाजूने लढलेली कित्येक मुले विशी-बाविशीची होती, बहुसंख्य स्वतः गुलामांचे मालक नव्हती, आणि या विद्यापीठाचे कितीतरी विद्यार्थी त्या युद्धात मेले. ज्या कारणासाठी ते लढले ते कारण वाईट होते हे मला पूर्ण मान्य आहे. तरीही मेलेल्या मुलांची आठवण ठेवण्याचा हक्क त्यांच्या विद्यापीठाला नाही का?

अभिलेख

सैनिककन्या ताई, तो हक्क आहे आणि तो बजावलाही गेला आहे. त्याच आवारातील मेमोरियल हॉलमध्ये युद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या आहेत आणि त्या काढा म्हणून चॅपल हिलमध्ये दोर घेऊन कोणी आले नाही. सायलेंट सॅमवर एकाही मृत सैनिकाचे नाव नव्हते. तो उभारला गेला तो युद्ध संपल्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने, 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' या कॉन्फेडरेट सैनिकांच्या वंशज स्त्रियांच्या संघटनेच्या पुढाकाराने.

मधल्या अर्धशतकात काय घडले ते पाहिल्याशिवाय १९१३ समजत नाही. याच राज्यातील विल्मिंग्टन शहरात कृष्णवर्णीय आणि गोरे मिळून निवडलेले नगरशासन १० नोव्हेंबर १८९८ रोजी सशस्त्र गोऱ्या जमावाने उलथवले. कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र जाळले, माणसे मारली, उरलेल्यांना गाव सोडायला लावले. १९०० मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून साक्षरतेच्या परीक्षेची अट घातली गेली आणि कृष्णवर्णीयांचा मताधिकार व्यवहारात संपला. ज्यांना विचारायला हवे होते त्यांचे मतच काढून घेतल्यानंतर हा पुतळा उभा राहिला.

आता अनावरणाचा दिवस, २ जून १९१३. मुख्य वक्त्यांपैकी एक होते तंबाखूच्या व्यवसायातून श्रीमंत झालेले उद्योगपती ज्युलियन कार. दक्षिणेत अँग्लो-सॅक्सन वंशाचा जीव कॉन्फेडरेट सैनिकांनी युद्धानंतरच्या चार वर्षांत वाचवला, असे ते म्हणाले. मग त्यांनी अभिमानाने आपली एक आठवण सांगितली. युद्धातून परतल्यावर नव्वद दिवसांच्या आत, जिथे हा समारंभ चालला आहे तिथून शंभर यार्डांवर, त्यांनी एका कृष्णवर्णीय स्त्रीला तिच्या घागऱ्याच्या चिंध्या होईपर्यंत चाबकाने फोडले होते. तिने एका गोऱ्या बाईचा अपमान केला, हा तिचा गुन्हा. ती स्त्री आश्रयासाठी विद्यापीठाच्या इमारतीकडे धावली होती आणि तिथे उत्तरेच्या सैनिकांचा तळ होता. त्या सर्वांच्या देखत आपण हे 'सुखद कर्तव्य' पार पाडले आणि पुढे तीस रात्री उशाशी दुनळी बंदूक घेऊन झोपलो, असेही कार यांनी सांगितले.

हे भाषण विद्यापीठाच्या अभिलेखागारात जवळजवळ शतकभर पडून होते. २००९ मध्ये तिथे काम करणाऱ्या एका संशोधक विद्यार्थ्याच्या हाती ते लागले आणि २०११ मध्ये विद्यार्थी-वृत्तपत्रातील पत्रातून ते सर्वांपुढे आले. स्मारक उभारणाऱ्यांनी त्याचा अर्थ स्वतःच्या तोंडाने सांगून ठेवलेला आहे; तो आपण नव्याने लावण्याची गरज उरत नाही.

नीरजा_ठाणे

हा प्रसंग मी प्रथमच वाचते आहे. त्या स्त्रीचे नाव कोठे नोंदले गेले आहे का?

अभिलेख

भाषणात नाव नाही. कार यांनी तिचा उल्लेख केवळ एका शिवीने केला आहे.

केपटाऊनकर

वाटसरूंच्या मूळ मुद्द्याकडे येतो. केपटाऊन विद्यापीठात ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सचा पुतळा ९ एप्रिल २०१५ रोजी उतरवला गेला, तो क्रेन लावून, विद्यापीठाच्या परिषदेने ठराव केल्यानंतर, दिवसाउजेडी. त्या आंदोलनाची सुरुवात बरोबर महिनाभर आधी झाली होती : एका विद्यार्थ्याने वस्तीतील मैल्याची बादली आणून पुतळ्यावर ओतली. अनेकांना ते किळसवाणे वाटले. परंतु केप फ्लॅट्सच्या वस्त्यांमध्ये ज्यांना आजही शौचालय नाही त्यांची मुले डोंगराच्या कुशीतील त्या देखण्या आवारात शिकायला येतात आणि पायऱ्यांवर ऱ्होड्सला पाहतात, हा विरोधाभास त्या एका बादलीने सर्वांना दिसला. त्यानंतर सभा झाल्या, अध्यापकांची मते घेतली गेली, मतदान झाले. विद्यापीठाला निर्णयाचा अधिकार होता म्हणूनच तो निर्णय शांतपणे अमलात आला. चॅपल हिलला तो अधिकारच नव्हता. जिथे अधिकार होता पण इच्छा डळमळीत होती, त्या ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात ऱ्होड्स अजूनही दर्शनी भिंतीवर आहे. स्वतःच नेमलेल्या आयोगातील बहुमत तो हलवण्याच्या बाजूने असतानाही कॉलेजने २०२१ मध्ये खर्च आणि नियोजनातील अडचणी सांगून तो तसाच ठेवला.

दख्खनचा_वाटसरू

केपटाऊनकर, आपण दिलेले पहिले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. निर्णय झाला, मग पुतळा उतरला. कायदा अन्यायाचा असेल तर तो बदलण्यासाठी लढावे. त्याला वेळ लागतो, पण तसा बदल टिकतो.

गोदाकाठ

वेळ लागतो, हे वाक्य आम्ही मराठवाड्यात फार जवळून ऐकले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. यापेक्षा अधिक कायदेशीर निर्णय कोणता असू शकतो? त्यानंतरच्या दिवसांत गावोगाव दलित वस्त्या पेटवल्या गेल्या, विहिरी नासवल्या गेल्या, माणसे मारली गेली. नांदेड जिल्ह्यातील पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ठराव तसाच गुंडाळून ठेवला गेला. पुढे नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला, हजारोंनी तुरुंग भोगले, १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले; आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामांतराऐवजी नामविस्तार झाला. झालेल्या निर्णयाला साडेपंधरा वर्षे वाट पाहावी लागली, कारण रस्त्यावरच्या बळापुढे सरकार नमले होते.

वाटसरू, कायद्याची वाट धरून चालणाऱ्यांना धीर धरा म्हणणे सोपे असते. धीर धरण्याची किंमत कोणाच्या घरातून वसूल होते, तेही मोजले पाहिजे. आमच्या तालुक्यात ज्यांची घरे जळाली त्यांची मुले त्या वर्षी शाळेत परत आली नाहीत.

आणि हा वाद आपला नाही असे म्हणणाऱ्यांनी आठवावे की १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले, आणि त्याआधी १९४६ मध्ये खुद्द बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या.

पाइनबन

गोदाकाठ, मनापासून आभार. आणखी एक गोष्ट जोडतो. आपल्यापैकी बहुतेकांची कुटुंबे अमेरिकेत येऊ शकली ती १९६५ च्या स्थलांतर कायद्यामुळे. नागरी हक्कांच्या चळवळीने देशाचे मन हलवले नसते तर तो कायदा त्या वर्षी झाला नसता. ग्रीन्सबरो हे चॅपल हिलपासून तासाभराच्या अंतरावर आहे. तिथल्या उपाहारगृहात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी १९६० मध्ये गोऱ्यांसाठी राखलेल्या जागांवर बसून राहिले होते. त्या मुलांनी अपमान सोसला म्हणून आपल्याला दार उघडे मिळाले.

रानजाई

इथे एक अवघड उदाहरण मांडते, कारण आपली कसोटी तिथे लागते. घानामधील लेगॉन येथील विद्यापीठात जून २०१६ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते महात्मा गांधींच्या पुतळ्याचे अनावरण झाले. काही महिन्यांतच तेथील प्राध्यापकांनी तो हटवण्याची मागणी केली. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील सुरुवातीच्या वर्षांत तेथील मूळ रहिवाशांविषयी अवमानकारक शब्द वापरले होते आणि हिंदी लोकांना त्यांच्याहून वरचे मानले होते, हा त्यांचा आधार होता. आणि तो गांधीजींच्याच लेखनातून घेतलेला होता. डिसेंबर २०१८ मध्ये पुतळा हलवला गेला. त्या वेळी आपल्याकडे पुष्कळ संताप व्यक्त झाला. गांधीजी पुढे बदलले, मोठे झाले, आणि किंग यांच्यापर्यंत त्यांचा प्रभाव पोहोचला, हे सारे खरे आहे. परंतु आफ्रिकेतील एका विद्यापीठाच्या अंगणात कोण असावे हे दिल्लीने ठरवावे आणि लेगॉनने ते आभारपूर्वक स्वीकारावे, अशी अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही. चॅपल हिलला जी कसोटी लावतो तीच इथे लावली, तर तिथे राहणाऱ्या आणि शिकणाऱ्यांचा निर्णय मान्य करावा लागतो.

मिलिंद_नाशिक

रानजाई, कार आणि गांधी एका तराजूत घालणे मला योग्य वाटत नाही. एकाने चाबूक चालवला आणि त्याचा गौरव केला. दुसऱ्याने आयुष्यभर स्वतःला घासूनपुसून बदलले.

रानजाई

माणसे सारखी आहेत असे मी म्हटलेले नाही. निर्णयाचा अधिकार कोणाचा, एवढाच माझा मुद्दा आहे.

संपादक_मंडळ

गांधीजींच्या मूल्यमापनासाठी वेगळा धागा उघडावा. येथे विद्यापीठांच्या आवारातील स्मारकांपुरतेच लिहावे, ही विनंती.

नीरजा_ठाणे

पुतळा सध्या कोठे आहे?

अभिलेख

त्याचीही एक कथा आहे आणि ती कायद्याच्या वाटेविषयी बरेच काही सांगते. डिसेंबर २०१८ मध्ये विद्यापीठाने आवारातच ५३ लाख डॉलर खर्चून एक इतिहास-केंद्र बांधून त्यात पुतळा ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. विद्यार्थी आणि अध्यापक संतापले, आणि राज्याच्या नियामक मंडळानेही तो फेटाळला. पुढच्या वर्षी २७ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, 'सन्स ऑफ कॉन्फेडरेट व्हेटरन्स' या संघटनेचा दावा आणि त्यावरची तडजोड दोन्ही एकाच दिवशी न्यायालयात दाखल होऊन मंजूर झाली. पुतळा संघटनेला द्यायचा आणि त्याच्या जतनासाठी विद्यापीठ-व्यवस्थेने २५ लाख डॉलरचा निधी ठेवायचा, अशी ती तडजोड होती. ज्या विद्यार्थ्यांच्या आवारातला हा प्रश्न, त्यांना कोणी विचारले नाही. विद्यार्थी, अध्यापक आणि वकिलांनी आवाज उठवल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच न्यायाधीशांनी, संघटनेला मुळात दावा करण्याचा अधिकारच नव्हता असे ठरवून, तडजोड रद्द केली आणि पुतळा विद्यापीठाकडे परत आला.

वाटसरू, रात्री झालेले काम म्हणून आपण जमावाला दोष दिलात. सुट्टीच्या आदल्या दिवशी, बंद दाराआड झालेल्या या कामाला काय म्हणावे?

दख्खनचा_वाटसरू

त्यालाही दोषच द्यावा लागेल, आणि तो अधिक गंभीर आहे, कारण अधिकारावर बसलेल्यांनी ते केले. माझा जमावाविषयीचा आक्षेप मात्र कायम आहे. न्यायाधीशांनी तडजोड रद्द केली, म्हणजे शेवटी न्यायालयच उपयोगी पडले, हेही ध्यानात घ्यावे.

सायली_वि

मी चॅपल हिलची विद्यार्थिनी आहे. मकॉर्कल प्लेसवर दुसरेही एक स्मारक आहे, त्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. त्याला 'अनसंग फाउंडर्स' स्मारक म्हणतात. २००२ च्या पदवीधर वर्गाची ही भेट कोरियन कलावंत डो हो सू यांनी घडवली आणि २००५ मध्ये ती बसवली गेली. काळ्या दगडाची गोल मेजासारखी शिळा, आणि ती दोन्ही हातांनी तोलून धरणाऱ्या तीनशे छोट्या ब्राँझच्या आकृती. हे विद्यापीठ उभारण्यास हातभार लावणाऱ्या गुलाम आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयांचा सन्मान, अशा आशयाचा मजकूर शिळेच्या कडेने कोरला आहे. भोवती बसायला दगड आहेत.

जवळ गुडघे टेकून पाहिले तर त्या आकृतींचे पाय मातीत गेलेले दिसतात. पाऊस पडला की चिखल त्यांच्या छातीपर्यंत उडतो. वरून मात्र ते एक साधे मेज दिसते, त्यामुळे लोक त्यावर कॉफीचे पेले ठेवतात, डबे उघडतात. ज्यांनी आयुष्यभर भार वाहिला त्यांना स्मारकातही भारच वाहायला लावला आहे, असे माझ्या कृष्णवर्णीय मैत्रिणी म्हणतात, आणि ते मला पटते. जोवर सॅम उभा होता तोवर तो उंच चौथऱ्यावर, आणि हे लोक त्याच्या जवळच, पाहणाऱ्याच्या गुडघ्याखाली. २०१९ मध्ये याही स्मारकाची विटंबना झाली. त्यावर वर्णद्वेषी मजकूर लिहिला गेला.

'विद्यार्थी कृतघ्न आहेत' असे ज्यांना वाटते त्यांनी आणखी एक तारीख पाहावी. या विद्यापीठात पदवीपूर्व वर्गात पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी १९५५ मध्ये आले, तेही न्यायालयाच्या आदेशाने. तेव्हा सॅमला उभे राहून बेचाळीस वर्षे झाली होती.

सैनिककन्या

सायली, तुमचे वर्णन वाचल्यावर माझा प्रश्न बदलला आहे. मृतांच्या पाट्या सभागृहात आहेत, मग पुतळ्याची गरज उरत नाही, हे मान्य. परंतु मोकळी जागा मोकळीच ठेवणेही मला खटकते. पन्नास वर्षांनी तिथून जाणाऱ्याला काहीच कळणार नाही आणि विद्यापीठाला विसरणे सोयीचे जाईल.

अभिलेख

माझेही तेच मत आहे. तिथे जमिनीलगत एक साधा फलक असावा. पुतळा कोणी उभारला, कोणत्या साली, त्या वेळी कोणाला मत देता येत नव्हते, कार काय बोलले, आणि तो केव्हा, कसा पडला, एवढेच त्यावर असावे. जमावाने पाडला हेही स्पष्ट लिहावे, म्हणजे वाटसरूंचा आक्षेपही नोंदला जाईल.

गोदाकाठ

फलकाला माझा विरोध नाही, पण पुन्हा कार यांचेच शब्द कोरायचे का, याचा विचार व्हावा. दरवर्षी १४ जानेवारीला आमच्या विद्यापीठाच्या गेटसमोर लाखोंचा समुदाय जमतो. पुस्तकांची दुकाने लागतात, लोक प्रवेशद्वारावरचे नाव लहान मुलांना वाचून दाखवतात. तिथे विरोधकांची भाषणे कोणी लिहून ठेवलेली नाहीत, तरी कोणी काही विसरलेले नाही.

सायली_वि

पाइनबन काकांच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे. त्या मोकळ्या जागेपेक्षा मला 'पिट'ची जागा अधिक महत्त्वाची वाटते. विद्यार्थी-भवनाजवळच्या त्या खोलगट चौकात नोव्हेंबर १९७० मध्ये जेम्स लुईस केट्स या गावातल्याच बावीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला गोऱ्या मोटारसायकल टोळीतील लोकांनी भोसकले. त्याला रुग्णालयात न्यायला फार उशीर केला गेला, असे गावातील कृष्णवर्णीय समाज आजही सांगतो. आरोपी निर्दोष सुटले, आणि त्यानंतर कृष्णवर्णीय विद्यार्थी निषेधासाठी जमले ते याच पुतळ्यापाशी. आम्ही रोज तिथे जेवतो, पत्रके वाटतो, गाणी म्हणतो. पण नव्या मुलांना केट्सविषयी विचारले तर बहुतेकांना नावही ठाऊक नसते. नवे स्मारक करायचेच असेल, तर त्याच्या कुटुंबाला आणि गावातल्या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीला आधी विचारावे, आणि जागा, आकार, मजकूर त्यांनी ठरवावा. विद्यापीठाने पैसे द्यावेत.

कार यांचे हस्तलिखित भाषण विद्यापीठाच्या ग्रंथालयाने महाजालावर सर्वांना वाचायला खुले ठेवले आहे. कॅरीतील मंडळाच्या वाचनगटात पुढच्या वेळी ते वाचायचे असेल, तर मी येऊन त्याचा मराठीत परिचय करून द्यायला तयार आहे.

पाइनबन

सायली, अवश्य ये. मंडळाच्या कार्यकारिणीशी मी बोलतो. वाटसरूही ह्यूस्टनहून दूरस्थ जोडले जाऊ शकले तर त्यांचा आक्षेप त्यांच्याच तोंडून ऐकता येईल.

दख्खनचा_वाटसरू

येईन. २०१५ च्या कायद्याचा मूळ मजकूर कोणाकडे असल्यास आधी पाठवावा. तो वाचूनच बोलेन.